हंगेरियनला इंग्रजीचा वळसा कशाला?

मा. संपादक,
स. न.

हंगेरीत डॉक्टरकी शिकायला निघालेल्या मुलांनी तिथल्या भाषेतली कृदंते (क्रियापदापासून बनणारी ‘लिहिलेले’, ‘रडणारे’, ‘पडून’ अशी रूपे) इंग्रजीच्या ‘आयएनजी’वरून समजून घ्यावीत, असा सल्ला गेल्या रविवारच्या पुरवणीत होता. सांगली-मिरजेच्या मुलांना हा वळसा कशाला? शिकवणे इंग्रजीत असले तरी वॉर्डातला पेशंट हंगेरियनच बोलतो, आणि त्याची वाक्यरचना इथे मराठीला जवळची आहे.

‘डॉक्टरांनी लिहिलेले पत्र’ हेच घ्या. हंगेरियनमध्ये ते ‘ऑझ ओर्वोश आल्तॉल ईर्त लेवेल’. सुरुवातीचे ‘ऑझ’ हे नुसते उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखे. मग ओर्वोश म्हणजे डॉक्टर, आल्तॉल म्हणजे आपला ‘ने/नी’, ईर्त म्हणजे लिहिलेले, लेवेल म्हणजे पत्र. शब्दावर शब्द बसतो. इंग्रजीत पत्र आधी येते आणि डॉक्टर शेवटी.

आपल्या ‘-लेला’चे काम तिथे ‘त’ किंवा ‘त्त’ करतो. ‘सूर्त शेब’ भोसकलेली जखम, ‘वागोत्त शेब’ कापलेली, ‘झूझोत्त शेब’ ठेचलेली. र, ल, न यांच्यापुढे बहुधा एकटा ‘त’ लागतो. एरवी बऱ्याचदा मध्ये स्वर घालून ‘त्त’. लिंगाची भानगड नाही. जखमा अनेक झाल्या की ‘शेब’चे ‘शेबेक’ होते, पण ‘वागोत्त’ जागचे हलत नाही. लेला-लेली-लेल्या सांभाळत मोठे झालेल्यांना ही सुट्टीच.

‘-णारा’साठी ‘ओ’: ‘शीरो द्येरेक’ म्हणजे रडणारे मूल. पण ‘एलॉदो’ म्हणजे विकणारा, आणि तीच पाटी घरावर असली तर घर विकायचे आहे! ‘इवोवीझ’ अक्षरशः ‘पिणारे पाणी’, म्हणजे पिण्याचे.

खरी फसगत ‘-ऊन’पाशी. ‘वॉ/वे’ प्रत्यय दिसला की मराठी मुले तो ‘-ऊन’च्या जागी सरसकट लावतात. ‘आडवे पडून’ला ‘फेक्वे’ आणि ‘रडत’ला ‘शीर्वॉ’ चालते, कारण ती मुख्य क्रियेच्या वेळची अवस्था आहे. ‘गोळी घेऊन झोपा’ यात मात्र एकामागून एक दोन कामे आहेत. तिथे हा प्रत्यय लावू नये. ‘गोळी घ्या, मग झोपा’ अशी दोन सरळ आज्ञार्थी क्रियापदे वापरावीत. आधी झालेली क्रिया दाखवणारा ‘वान/वेन’ आहे, पण तो आता पुस्तकी झाला आहे. वॉर्डात वापरलात तर ‘गोळी घेवोनिया निजावे’ म्हटल्यासारखे ऐकू येईल.

‘वॉ’ की ‘वे’, हे धातूतल्या स्वरावर ठरते: आ, ओ, ऊ असेल तर ‘वॉ’, ए असेल तर ‘वे’. ‘ई’ असलेले धातूही सहसा ‘वे’च घेतील असे वाटते, पण शीर (रडणे), ईर (लिहिणे), न्यित (उघडणे) हे नेहमीचे धातू ‘वॉ’ घेतात. म्हणून दुकान उघडे असल्याची पाटी ‘न्यित्वॉ’ अशी असते, ‘न्यित्वे’ नव्हे. बंद असेल तर ‘झार्वॉ’.

– एक भाषा-अभ्यासक, विश्रामबाग, सांगली