गाठ सैल ठेवा : मॅनिटोबाच्या प्रीमियरना खुले पत्र

माननीय वॉब किन्यू यांस,
प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री), मॅनिटोबा

सप्रेम नमस्कार.

हे पत्र इंग्रजीतून तुमच्या कार्यालयाकडे पाठवलं आहेच. मराठीतूनही लिहिते आहे, कारण इथे कॅनडात, मॅनिटोबा प्रांताची राजधानी असलेल्या विनिपेगमध्ये, घरात मराठी बोलणारी माणसं आता बरीच झाली आहेत आणि यातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्याही कानावर जायला हव्यात. मधूनमधून मी त्यांच्याकडे वळेन, तेवढं सांभाळून घ्या.

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकले. गेली दहा वर्षं विनिपेगबाहेरच्या एका नर्सरीत झाडं वाढवते. दर एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे फोन सुरू होतात. कधी शाळा असते, कधी चर्च, कधी एखादी कंपनी. "5 मेला कार्यक्रम आहे. बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या मूळनिवासी बायकांच्या स्मरणार्थ झाड लावायचंय. जरा मोठंसं द्या, फोटोत दिसेल असं." मी देते. मागे असंच एक झाड दिलं होतं, ते ऑगस्टमध्ये वाट वाकडी करून बघायला गेले. वाळून काडी झाली होती. खालचा पितळी फलक मात्र कुणीतरी घासूनपुसून लख्ख ठेवला होता.

मूळनिवासी समाजाच्या हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या माणसांसाठी राज्याने झाड लावावं, अशी मागणी मी करते आहे. पण ते कसं लावावं यावर माझं म्हणणं आहे, आणि लिहायचं कारण तेच आहे.

मराठी वाचकांसाठी आधी थोडं. 5 मे हा इथे 'रेड ड्रेस डे'. विनिपेगच्या मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या) कलाकार जेमी ब्लॅक यांनी 2010 मध्ये रिकामे लाल झगे झाडांवर, भिंतींवर टांगायला सुरुवात केली. लाल रंग आत्म्यांना दिसतो, असं इथले जुनेजाणते सांगतात. मेच्या पहिल्या आठवड्यात विनिपेगच्या झाडांना पान नसतं. उघड्या फांद्यांवर झगे हलत असतात आणि आत कुणी नसतं. माझ्या मुलीने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "हे कुणी वाळत घातलेत?"

कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांनी 2014 मध्ये स्वतःच आकडा दिला. 1980 ते 2012 या काळात मूळनिवासी बायका-मुलींची 1,181 प्रकरणं: 1,017 खून आणि 164 बेपत्ता. देशातल्या बायकांत त्यांचं प्रमाण 4.3 टक्के, खून झालेल्या बायकांत 16 टक्के. पुढे राष्ट्रीय चौकशी आयोग बसला. 3 जून 2019 ला त्याचा अहवाल आला, त्यात 231 मागण्या होत्या, आणि जे घडलं त्याला आयोगाने वंशसंहार हा शब्द वापरला. आपल्या मंडळाच्या गणपतीत हा विषय कधी निघाला नाही. "डाउनटाउनला संध्याकाळी जाऊ नको, तिथे ते लोक असतात," हा सल्ला मात्र मला विमानतळावरून घरी येतानाच मिळाला, आणि अस्सल मराठीत मिळाला. 2022 मध्ये मी नागरिकत्वाची शपथ घेतली. आदल्याच वर्षी त्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूळनिवासी लोकांच्या हक्कांचा आणि त्यांच्याशी झालेल्या करारांचा उल्लेख आला होता. ते वाक्य मी हात वर करून म्हटलं, बाहेर येऊन पेढे वाटले, आणि अर्थ विचारायचं राहून गेलं.

आता तुमच्याशी बोलते.

डिसेंबर 2022 मध्ये विनिपेग पोलिसांनी सांगितलं होतं, की प्रेअरी ग्रीनच्या कचरा डेपोत एकाच खुन्याने मारलेल्या दोन मूळनिवासी बायकांचे देह असावेत, पण शोधणं व्यवहार्य नाही. 2023 च्या निवडणुकीत तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने 'खोदणार नाही' याच्याच जाहिराती लावल्या. आपल्याकडे मतं मागण्याचे नाना प्रकार मी पाहिलेत, पण मेलेल्या बाईला कचऱ्यात ठेवण्याच्या वचनावर मतं मागितलेली तेवढी पहिल्यांदा पाहिली. तुम्ही खोदू म्हणालात, निवडून आलात आणि खोदलंत. 2025 च्या सुरुवातीला दोघींचे अवशेष सापडले. त्याच खुन्याने मारलेल्या आणखी एका बाईचं नावच कुणाला माहीत नव्हतं. तिला नुसतं 'अनोळखी' म्हणायला नको म्हणून समाजातल्या ज्येष्ठांनी नाव दिलं, मश्कोडे बिझिकीइक्वे, म्हणजे बफेलो वुमन. मार्च 2025 मध्ये तिची खरी ओळख पटली. (बाकी कुणाही मुलीचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. तो पहिला मान घरच्यांचा.)

ज्या सरकारने कचरा उपसून माणूस शोधलं, त्याने झाड लावलं तर लोक ते खरं मानतील. म्हणून हे पत्र ओटावाला न पाठवता तुम्हाला पाठवते आहे.

स्मारक विनिपेगमध्ये नाही असं नाही. फोर्क्सला, दोन नद्यांच्या संगमाजवळ, याच बायकांच्या नावाने दगड आहे. तो ऑगस्ट 2014 मध्ये बसवला. त्याच महिन्यात, थोड्याच दिवसांनी, सॅगकींग या मूळनिवासी वस्तीच्या एका 15 वर्षांच्या मुलीचा देह रेड नदीतून काढावा लागला. लोक मेणबत्त्या घेऊन जमले ते त्याच नव्याकोऱ्या दगडापाशी.

नर्सरीत माझ्यासोबत काम करणाऱ्या एक बाई आहेत. अनिशिनाबे या मूळनिवासी समाजातल्या, साठी उलटलेल्या. सगळे त्यांना कुकम म्हणतात, म्हणजे आजी. (आमसुलाशी काही संबंध नाही, तरी पहिला आठवडा मी मनातल्या मनात हसत होते.) त्यांची भाची कित्येक वर्षं बेपत्ता आहे. एका शाळेच्या झाडासाठी फलक आला होता, त्यावर 'आपण गमावलेल्या भगिनींना' अशा अर्थाचं काही लिहिलेलं होतं. कुकमनी तो हातात घेऊन वाचला आणि पालथा करून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "माझी भाची गमावलेली नाही. ती अजून घरी आलेली नाही."

मला माझी आजी आठवली. तिचा धाकटा भाऊ बहात्तरच्या दुष्काळात कामाला म्हणून मुंबईला गेला तो परत आलाच नाही. आमच्याकडे माणूस बारा वर्षं परतला नाही, की पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा माणूस रचायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे घरचे सुटले. भाऊबंदांनी चौऱ्याऐंशी साली तो केला. आजी चुलीपुढून उठली नाही. "मेला हे कुणी पाहिलं?" एवढंच म्हणाली, आणि पुढे मरेपर्यंत दर दिवाळीला त्याच्या नावची एक करंजी डब्यात बाजूला काढून ठेवत राहिली. आमचा विधी इथल्या मूळनिवासी लोकांवर लादावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण ज्यांना देह मिळाला त्यांचं दुःख आणि ज्यांना मिळाला नाही त्यांचं, ही दोन वेगळी दुःखं आहेत, आणि एका फलकावर दोन्ही बसत नाहीत. दगडावर तारीख कोरावी लागते. वाट बघणाऱ्या घराकडे तारीख नसते. झाडाला ती लागत नाही, म्हणून मला झाड बरं वाटतं.

तर झाडाबद्दल.

5 मेला ते लावू नका. त्या दिवशी इथली माती थंडगार असते, चिकण असते, आणि पाऊस पडला असेल तर फावड्याला लाडवासारखी चिकटते. मेअखेरपर्यंत थांबा. 5 मेला लोकांनी झगे टांगावेत, बोलावं, गावं. खड्डा नंतर. एल्म नको, डच एल्म रोग इथे 1975 पासून आहे. अ‍ॅश नको, तो पोखरणारा भुंगा 2017 मध्ये विनिपेगात सापडला. एल्म किंवा अ‍ॅश लावलात तर आपण आणखी एक मरण पेरून येऊ. घरचे बहुधा सीडर मागतील. तंबाखू, सेज आणि स्वीटग्रासबरोबर सीडर हे त्यांच्या चार पवित्र औषधींपैकी एक आहे. जरूर लावा, पण उघड्यावरच्या हिवाळी वाऱ्याने ते करपतं आणि हरणं ते आवडीने खातात, म्हणजे कुंपण आणि आडोसा आला. माझं मत विचाराल तर बर ओक. इथलाच आहे, जाड सालीचा, गवताळ रानातल्या वणव्यांतून तगलेला. वाढतो मात्र इतका सावकाश, की तुमच्या कारकिर्दीत तो फोटोत दिसणार नाही. आणि त्याचं मूळ सरळ खोल जातं, त्यामुळे मोठा ओक उपटून आणून लावण्यात अर्थ नाही. लहान रोप लावावं, नाहीतर सरळ बी पेरावं.

जागा तुमच्या नकाशावाल्यांनी ठरवू नये. विधानभवनाच्या हिरवळीवर पर्यटक येतील, पण तिथे पहाऱ्यावरच्या माणसासमोर रडायला कुणाची आई येईल असं वाटत नाही. कदाचित घरचे म्हणतील, एक नको, गावोगाव लावा. कदाचित म्हणतील, आम्हाला झाडच नको. तेही ऐकून घ्यावं लागेल.

आणि पाणी. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात दर आठवड्याला तीन-चार बादल्या. हे कुणी करायचं, कुठल्या खात्याच्या पैशाने, ते खड्डा खणण्याआधी कागदावर येऊ द्या. दहा वर्षांची तरतूद करा, आणि ते काम ठेकेदाराला न देता त्या समाजातल्या मुलामुलींना पगारी द्या. शिकवायला मी आणि कुकम फुकट येऊ. बादल्यांचा हिशेब मागते म्हणून हसू नका. ब्रिटिश कोलंबियाच्या ज्या हायवे 16 ला लोक अश्रूंचा महामार्ग म्हणतात, तिथे मुलींना अनोळखी गाड्यांना हात दाखवावा लागू नये म्हणून बस द्या, ही शिफारस 2006 ची. सरकारी बस धावली 2017 मध्ये. 2024 मध्ये केंद्राने आणि तुमच्या सरकारने रेड ड्रेस अ‍ॅलर्टची घोषणा केली, मूळनिवासी मुलगी हरवली की लोकांच्या फोनवर इशारा जावा म्हणून. झाडाच्या समारंभासाठी त्या कामातला एकही माणूस, एकही डॉलर इकडे वळवू नका. दोन्हींत निवडायची वेळ आली तर झाड राहू द्या.

शेवटची गोष्ट अगदी बारीक आहे. लोक येतील आणि खोडाला लाल फडकी बांधतील. बांधू द्या. पण खोड दर वर्षी जाड होतं आणि घट्ट गाठ सालीत रुतते. दोन-तीन वर्षांत झाड त्या फडक्यानेच गळफास बसल्यासारखं मरतं, मी पाहिलंय. म्हणून दर वसंतात कुणीतरी येऊन प्रत्येक गाठ सोडायची, सैल करून पुन्हा बांधायची. फडकं फेकायचं नाही. हे काम माळ्याचं नाही, घरच्यांचं आहे, आणि त्यांना दूरच्या वस्त्यांमधून विनिपेगला यायला गाडीभाडं लागेल. तेही त्या तरतुदीत धरा.

सप्टेंबरात ओकची फळं पडतात. या वर्षी कुकम आणि मी वेचून ओल्या वाळूत घालून ठेवणार आहोत, नर्सरीच्या मागच्या शेडमध्ये, थंड जागी. डब्यांवर फलक लावणार नाही. कुठे पेरायची ते घरच्यांनी ठरवलं, की निरोप पाठवा.

आपली,
राहुरीची एक माळीण,
सध्या मुक्काम विनिपेग, करार क्रमांक 1 ची भूमी