अण्णा, श्वास सोडा

पुणे, रविवार

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला गेले की एक तर रेंज जाते, नाहीतर माझाच आवाज जातो. म्हणून लिहिते आहे. आई, पाकीट आधी तू फोडून ‘यातलं एवढंच सांगू’ असं काही ठरवू नकोस. अण्णांना चष्मा दे आणि शेजारी बस.

अण्णा, परवा तुम्ही विचारलंत, ‘जाळी टाकी म्हणजे गाठ गयी का वं बेटा?’ मी म्हणाले, डॉक्टरांना विचारून सांगते. खरं तर विचारायचं काही नव्हतं. पित्तनळीची वाट उघडी धरायला अशा जाळ्या जिथे बसवतात, त्याच खोलीत अकरा वर्षं मी एक्स-रेचं मशीन चालवते, उत्तर मला पाठ आहे. ते लिहिणारच आहे, पण आधी पोटावरच्या पिशवीचं.

आई सांगते, घरी गेल्यापासून तुम्ही ओट्यावर बसत नाही. कोणी आलं की उपरणं पोटावर ओढून घेता. आणि पारावर जायचं म्हणून ‘दोन तास काढून ठेवता येते का’ असं दादाला विचारलंत. नाही येत, अण्णा. ती पिशवी नुसती कातडीला चिकटवलेली नाही. तिची नळी बरगड्यांमधून यकृतात, तिथून पित्तनळीत आणि गाठीतून पार होऊन आतड्यात उतरली आहे. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. आतल्या टोकाला तिला डुकराच्या शेपटीसारखा वळसा आहे, तो दोऱ्यानं आवळून बसवलाय, म्हणून ती सरकत नाही. जोरात ओढलीत तर मात्र सरकेल, आणि मग पुन्हा सुईपासून सुरुवात.

तुम्ही दवाखान्यात ठिबकची उपमा दिली होती, तिच्यावर डॉक्टर खूश झाले होते. फक्त ती उलटी धरायची. ठिबकमध्ये पाणी मेनलाइनकडून बारीक नळ्यांत जातं. यकृतात बारीक नळ्यांतून मेनलाइनकडे येतं. दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त. डावीकडची आणि उजवीकडची नळी जिथे मिळते, नेमकी त्या सांध्यावर तुमची गाठ आहे. खाली वाट नाही म्हटल्यावर वरच्या नळ्या फुगल्या आणि पित्त रक्तात उलटलं. डोळे पिवळे, लघवी चहासारखी, शौच चिकणमातीसारखं पांढरट, आणि अंगाला ती खाज. आई, दीड महिना तू रात्री उठून त्यांच्या पाठीला खोबरेल चोळत होतीस. शौचाच्या रंगाचं तुला कोणाशी बोलायला लाज वाटली. तुला मी काय बोलणार? व्हिडिओ कॉलवर मला अण्णांचे डोळे पिवळे दिसले होते, आणि मी समजले की स्वयंपाकघरातल्या बल्बचा उजेड आहे. रोज असे पेशंट टेबलावर घेणारी मी.

त्यात तीन आठवडे गेले त्या कावीळ उतरवणाऱ्याकडे. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळे म्हणाले कावीळ उतरली. अण्णा, ती कावीळ नसते. आधी हाताला जो झाडपाल्याचा रस चोळतात, त्याची आणि चुन्याची ती करामत. विषाणूची साधी कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते, त्यावर त्याचं नाव होतं. नळी बंद पडून झालेली कावीळ वाट मोकळी केल्याशिवाय उतरत नाही. ज्या डॉक्टरांनी सलाईन लावून ‘ऊस खा’ म्हणून घरी पाठवलं, त्यांच्यावर माझा जास्त राग आहे. एक सोनोग्राफी केली असती तर फुगलेल्या नळ्या तेव्हाच दिसल्या असत्या. असो.

इथे आल्यावर दोन दिवस नुसतं झोपवून ठेवलं म्हणून तुम्ही चिडला होता. ते दिवस वाया गेले नव्हते. पित्त आतड्यात पोचलं नाही तर के जीवनसत्त्व अंगी लागत नाही, आणि ते नसलं की रक्त गोठायला उशीर लागतो. यकृत म्हणजे रक्तानं भरलेला स्पंज, त्यात अशा वेळी सुई घालत नाहीत. म्हणून आधी इंजेक्शनं, अँटिबायोटिक, पुन्हा रक्ताची तपासणी. तोंडावाटे दुर्बीण घालून खालून वाट काढण्याचा प्रयत्न झालाच होता, पण तार गाठीच्या वर चढेना. मग पोटावरून जायचं ठरलं.

त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, तू बाहेर बस, दुसरा कोणी मशीन बघेल. मी बाहेर बसले नाही. शिशाच्या काचेमागे उभी राहिले. सोनोग्राफीवर फुगलेली नळी शोधून त्यांनी सुई घातली. ती सुई केसासारखी नाही, पण पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. तुम्हाला बियाण्यापासून मोटारीपर्यंत प्रत्येक गोष्ट कुठून आली ते विचारायची सवय, म्हणून सांगते: तिला चिबा सुई म्हणतात, जपानमधल्या चिबा विद्यापीठावरून. यकृतातून सुई घालून पित्तनळ्यांचा फोटो काढायचं काम 1937 सालीच हनोईत झालं होतं. पण तेव्हाच्या जाड सुया, मागून पित्त पोटात गळायचं, म्हणून पोट उघडायची तयारी ठेवूनच ती तपासणी करायचे. 1974 मध्ये ओकुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बारीक सुईचे अनुभव छापले आणि मग ती जगभर गेली.

औषध आत सोडल्यावर पडद्यावर तुमच्या पित्तनळ्या उमटल्या. कपाशी वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ना पऱ्हाटी, तशा. आणि खाली, बुंध्याशी, एकदम काही नाही. कोणीतरी कापून टाकल्यासारखं.

आता एक सांगते, हसू नका. फोटो काढताना पेशंटनं हलू नये म्हणून माइकवरून श्वास धरायला सांगतात. रोज मीच सांगते. त्या दिवशी सवयीनं मीच माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, ‘अण्णा, श्वास धरा.’ तुम्ही धरलात. झापड येण्याचं औषध दिलेलं असूनसुद्धा माझा आवाज ओळखलात, भुवया जराशा वर गेल्या. फोटो निघाला. आणि मी पडद्याकडे बघतच राहिले, ‘सोडा’ म्हणायचं विसरले. तुम्ही आपले धरून बसलात. छाती हलेना म्हणून शेवटी डॉक्टरांनीच ओरडून सांगितलं, ‘काका, सोडा श्वास.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. गाठीमुळे नाही, त्या श्वासामुळे.

त्या दिवशीसुद्धा तार गाठीतून खाली गेली नाही. नळी गाठीच्या वरच ठेवून पित्त बाहेर पिशवीत काढलं. पाच दिवसांनी पुन्हा घेतलं तेव्हा तीच तार सहज उतरली. असं बरेचदा होतं. वरचा दाब उतरला, सूज कमी झाली की बंद वाटलेल्या जागेत फट सापडते. आता तुमच्या नळीला गाठीच्या वरही भोकं आहेत आणि खालीही, त्यामुळे पित्त दोन्हीकडे जाऊ शकतं. नळीची बाहेरची चावी बंद करून बघितली तर थंडी वाजून ताप भरला, म्हणून अजून पिशवी ठेवली. पित्तातला जंतुसंसर्ग पुरता गेला की पुढचं पाऊल.

तोवरची काळजी. आई, सकाळ-संध्याकाळ दहा मिली सलाईन, हलक्या हातानं आत सोडायचं. मागे खेचून बघायचं नाही. जोर लागला किंवा दुखलं तर थांबायचं. ठिबकला ॲसिड सोडून दाबानं धुता तसं करायला अण्णा सांगतील, ऐकू नकोस. पिशवी नेहमी पोटाच्या खाली, आणि रोज किती भरली ते वहीत लिहायचं. पित्त सोनेरी किंवा हिरवट आलं तरी घाबरायचं नाही. लाल आलं, एकदम थांबलं, नळीच्या कडेनं गळायला लागलं किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर त्याच तासाला जळगाव गाठायचं. मला फोन गाडीत बसल्यावर.

आणि पाणी. हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. पुण्यातल्या नर्सला काय माहीत चैत्र-वैशाखात तापीकाठी काय होतं ते. पिशवीतून रोज सहाशे मिली जातं, त्याबरोबर मीठ-क्षार जातात, वरून त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन. ओआरएस रोज चालू ठेवा. दुपारी केळीच्या बागेत फेरी मारायची नाही, घड दादा बघेल. शेवभाजी मागितलीत म्हणे. वरचा तवंग काढून दोन घास खा. आतड्यात पित्त कमी पोचतं तेव्हा तेल पचत नाही, नंतर तुम्हालाच त्रास. कळण्याची भाकरी आणि कमी तेलाचं भरीत चालेल.

डोळे अजून पिवळे का, म्हणून रोज आरशात बघू नका. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं ते पिवळं द्रव्य, एकोणीसवरून सातवर आलंय. त्यातला काही भाग रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो, तो निघायला आठवडे लागतात. खाज थांबली ना? ती खूण खरी.

आता जाळी. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, नायटिनॉल म्हणतात. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत ती सापडली, नावातली शेवटची अक्षरं त्या प्रयोगशाळेची. दाबून बारीक नळीत भरतात, तुमच्या याच वाटेनं गाठीपर्यंत नेतात आणि वरचं आवरण मागे ओढतात. अंगाच्या उबेत तिला आपला मूळ आकार आठवतो, आणि दिवस-दोन दिवसांत ती आठ-दहा मिलिमीटरपर्यंत उघडते. मग सगळं ठीक दिसलं की बाहेरची नळी काढतात. पिशवी जाते. डाव्या बाजूला वेगळी जाळी लागणार नाही असं सध्या वाटतं. यकृताचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा झाला तर कावीळ उतरायला सहसा पुरतं, आणि उजवा भागच मोठा असतो.

म्हणजे गाठ गेली का? नाही, अण्णा. जाळी गाठीला आतून रेटून धरते, एवढंच. गाठ आहे तिथेच राहते. पुढे कधी ती जाळीच्या छिद्रांतून आत वाढू शकते, मग जाळी साफ करावी लागते किंवा आतून दुसरी घालावी लागते. गाठ कॅन्सरची आहे. तिनं दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांना वेढलंय, म्हणून ऑपरेशन करता येत नाही.

दादाचं म्हणणं होतं सांगू नये. आईचंही. पण त्या दिवशी रिक्षातून उतरल्यावर तुम्ही विभागाची पाटी वाचलीत आणि काही न बोलता माझी पर्स माझ्या हातातून स्वतःकडे घेतलीत. मला तेव्हाच कळलं की आम्ही तिघं कोणापासून काय लपवतोय. त्याबद्दल माफ करा.

केमो घेता येईल, पण कावीळ उतरल्यावर. त्यासाठी आधी ही पिशवी आणि जाळी. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. किती दिवस, हे विचारायचं असेल तर डॉक्टरांसमोर विचारा, मी शेजारी बसेन आणि मध्ये बोलणार नाही. नसेल विचारायचं तरी चालेल.

गुढीपाडवा दवाखान्यात गेला. जाळीची तारीख आखाजीच्या आधीची मिळाली आहे, तुम्हाला न्यायला मी स्वतः येते. आखाजीला मी माहेरीच असेन, लिंबाला झोका बांधला नसेल तर दादाला सांगा.

तुमची
बेबी

ता. क. आई, पिशवीला तू जुन्या लुगड्याच्या कापडाचं कव्हर शिवलंस ते फार चांगलं केलंस. त्याचा फोटो मी इथल्या सिस्टरना दाखवला, आता त्या आणखी दोन मागताहेत. संध्याकाळी सात वाजता सलाईन सोडताना मोबाईल समोर टेकवून ठेव, मी बघते. आणि अण्णा, आई म्हणते, सलाईन सोडते तेवढा वेळ तुम्ही श्वास धरून बसता. त्यासाठी नाही धरायचा.