नीलमला पत्र: कोणी किती खेळायचं

प्रिय नीलम,

तुझ्या दिवाळीच्या मेसेजला उत्तर दिलं नाही आणि संक्रांतीच्या मेसेजला लाजेनेच दिलं नाही. मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे. थायरॉइडची गोळी चालू, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बास, तब्येत संपली.

लिहायला बसले कारण रविवारी जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर “एवढंच ना?” म्हणतील. आमच्या फुटबॉल क्लबातल्या अंडर-१३ संघाच्या एका मुलीचे बाबा वही घेऊन आले. अख्ख्या सीझनमध्ये कोण किती मिनिटं खेळली, सामन्यानुसार, निळ्या पेनने. वही टेबलावर ठेवली आणि गप्प बसले. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणाऱ्या पालकांचं काय करायचं ते कमिटीला येतं. हा माणूस नुसता बसला होता आणि आकडे बरोबर होते. शेवटी खजिनदार काका म्हणाले, “मग लेखी नियमच करून टाका,” आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंगळवारी द्यायचाय.

आधी हिशेब बघ. १६ मुली, ६० मिनिटांचा सामना, ११ जागा. म्हणजे वाटायला ६६० मिनिटं, एकीच्या वाट्याला ४१. प्रत्यक्षात काय होतं तुला ठाऊक आहे. अकरा जणी जवळजवळ पूर्ण वेळ खेळतात, शेवटच्या दहा मिनिटांत तिघींना आत सोडतात, दोघी बदली खेळाडूंचं बिब अंगावर घालून बाटल्या भरत राहतात. असे दहा सामने झाले की पहिल्या फळीतलीची साडेपाचशे-सहाशे मिनिटं होतात आणि बाटल्यावालीची तीस-चाळीस. मग कोच म्हणतो, “बघा, फरक दिसतोच ना!” दिसणारच. तो सीझनभर आपणच पेरलाय.

त्यात बारा वर्षांच्या मुलींना अकरा-अकरा खेळवायचं हे मला मुळातच पटत नाही. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांना सात-सात, अकरा-बाराला नऊ-नऊ, तेरापासून अकरा-अकरा. आपल्याकडे मात्र मोठं मैदान मिळालं की ते भरायचंच, आणि चेंडूही सरसकट मोठ्यांचा पाच नंबरचा, जिथे या वयाला लहान, चार नंबरचा हवा. त्या मैदानात लांबच्या विंगवरची मुलगी अर्धा सामना नुसती उभी असते. तिची मिनिटं वहीत भरतात, पण पायाला चेंडू लागत नाही. म्हणून मी कमिटीला म्हटलं की मिनिटांसोबत पायाला चेंडू किती वेळा लागला तेही मोजा. एक पालक, एक मुलगी, कागदावर रेघा, दहा मिनिटं. कमिटी हसली.

माझा आराखडा असा आहे. नऊ-नऊचा सामना, १५ मिनिटांचे चार भाग. नऊ जागा गुणिले चार, ३६ खाने. गोलकीपर दोघी, प्रत्येकी दोन भाग, म्हणजे चार खाने गेले. उरले ३२, मुली १४. दहा जणींना दोन भाग, चौघींना तीन. म्हणजे कुणीही ३० मिनिटांच्या खाली जात नाही. पुढच्या सामन्यात तीन भाग मिळणाऱ्या चौघी बदलायच्या, सात सामन्यांत प्रत्येकीला दोनदा ४५ मिनिटं मिळतात. तक्ता आदल्या रात्री लिहायचा आणि मुलींना दाखवायचा. सामना सुरू असताना डोक्यात हिशेब करायला गेलं की हात आपोआप त्याच पाच जणींकडे जातो. कुणाचाही जातो, आपल्या कोच सरांचाही जायचा.

यात घोटाळे कुठे होतात ते सांगते, तू हमखास तेच विचारणार. पहिला घोटाळा, सगळ्या कच्च्या मुली एकाच भागात टाकणं. त्या पंधरा मिनिटांत तीन गोल खातो आणि तो ‘कुणाचा’ भाग होता हे बाहेरच्या चहावाल्यालाही कळतं. म्हणून प्रत्येक भागात मधला कणा पक्का ठेवायचा, म्हणजे एक सेंटर बॅक (बचावाच्या मधली), एक सेंटर मिड (मधल्या फळीच्या मधली), आणि एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त बदल करायचे नाहीत. दुसरा घोटाळा जास्त वाईट, कारण वहीत तो दिसतच नाही. मिनिटं सारखी, पण शेवटचा भाग नेहमी त्याच मुलींचा. १-१ असताना शेवटची पंधरा मिनिटं खेळणं आणि ४-० असताना दुसरा भाग खेळणं एक नव्हे. आणि जी सतत राइट बॅकलाच, म्हणजे बचावाच्या उजव्या कडेलाच, उभी केली जाते, तिला दोन वर्षांनी मिडफिल्डमध्ये टाकलं तर पाठीमागून कोण येतंय ते बघायची सवयच नसते. बारापर्यंत बचाव, मधली फळी, आक्रमण तिन्ही फिरवायचं, तेरा-चौदाला दोन जागा, मग हवं तर एक.

गोलकीपरचंही तेच. अकराव्या वर्षी उंच म्हणून गोलात उभी केली आणि तिथेच विसरलो. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचं वय साधारण बाराच्या आसपास. जी आधी वाढली ती आधी थांबते, आणि चौदाला तिच्यापेक्षा उंच चौघी डिफेन्समध्ये फिरत असतात. वयोगट १ जानेवारीने कापतात, त्याचाही परिणाम असतो. जानेवारीतली आणि डिसेंबरातली एकाच संघात, मध्ये अकरा महिने. या वयात आपण ज्याला ‘टॅलेंट’ म्हणतो ते बऱ्याचदा नुसते अकरा महिने असतात.

आता तुझं जुनं वाक्य. “बेंचवर बसलं की भूक वाढते.” अगं, पंगतीत भूक वाढते ती आपलं पान वाढलं जाणार याची खात्री असलेल्यांची. बाकीचे उठून घरी जातात. मुलगे चिडून दुसऱ्या क्लबात जातात, मुली काही न बोलता यायच्या बंद होतात, आणि आई सांगते, “क्लास लागला.” मुंबईत मुलींचे संघ आहेतच किती? तेराव्या वर्षी पाच जणी गळाल्या की सोळाव्या वर्षी अकरा भरत नाहीत, मग ज्यांच्यासाठी त्या पाच जणी बसवल्या त्या ‘स्टार’ कुणाबरोबर खेळणार? तुमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसते. मुलींच्या सामन्याला किती जण असतात ते पुढच्या वेळी मोजून कळव.

कमिटीत एकाने २०२२चा दाखला दिला. भुवनेश्वरला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये आपण हरलो, अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. “निवड कडक नाही म्हणून असं होतं.” मी म्हटलं, ज्या अमेरिकेने आठ घातले तिथे एवायएसओ नावाची मुलांच्या फुटबॉलची १९६४ पासूनची संस्था आहे, आणि तिचा पहिलाच नियम प्रत्येक मुलाने निम्मा सामना खेळायचाच. निवड वर जाऊन कडक होते, खाली गर्दी असते म्हणून परवडते. तर म्हणाले, ती अमेरिका आहे. मग दाखला तरी अमेरिकेचा कशाला दिला! (आपल्या महिला संघाने चियांग माईत थायलंडला २-१ हरवलं, संगीता बासफोरचे दोन्ही गोल, तेव्हा तू फोनवर ओरडलीस ते मला अजून ऐकू येतंय. पण तो तुझा मुद्दा होऊ शकत नाही, आधीच सांगते.)

सरसकट समान वाटपही मला नकोच आहे, म्हणजे तू समजतेस तेवढी मी मऊ झालेली नाही. माझ्या मसुद्यात अंडर-१३ला निम्मा सामना पक्का, अंडर-१५ला एकतृतीयांश, अंडर-१७ला हमी नाही. स्पर्धा नॉकआउट असेल, म्हणजे हरलं की बाहेर, तर तिथे जिंकायलाच उतरायचं. पण मग वीस जणींना घेऊन जाऊन सहा जणींना बाकावर उन्हात बसवायचं नाही. मोजक्या न्या, आणि जिला खेळवणार नाही तिला आदल्या दिवशी तोंडावर कारण सांगा. “तुझा डावा पाय चालत नाही, या महिन्यात यावर काम करू” हे कारण झालं. “बघू पुढच्या वेळी” हे नाही. स्पर्धेची फी भरण्याआधी एक विचारायचं, बाहेर काढलेली मुलगी परत आत घेता येते का? खेळाच्या नियमावलीत लहान वयोगटांना तशी मुभा देता येते, पण आयोजक बऱ्याचदा मोठ्यांचेच नियम छापतात. नाही म्हणाले तर माझा चार भागांचा तक्ता कोसळतो, मग ती स्पर्धा नकोच. सात-सातची असेल तर दोन संघ उतरवायचे, आठ-आठ जणींचे. फी दुप्पट. खजिनदार काकांचा चेहरा डोळ्यांसमोर आण.

स्टारचंही ऐक. तिची उलटी गंमत. शाळा, क्लब आणि सोसायटीची स्पर्धा मिळून शनिवार-रविवारी तीन सामने. आठवड्याचे एकूण तास वयाच्या आकड्याच्या वर जाऊ नयेत, हा ढोबळ नियम तिच्या बाबांना सांगितला तर ते माझ्याकडे असे बघतात की मी तिचं करिअर संपवतेय. गुडघ्याचं एसीएल (सांधा धरून ठेवणारं लिगामेंट) मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त फाटतं. फिफाचा ‘११+’ वॉर्मअप आहे ना, आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद-तोल-उड्या, दोन मिनिटं पुन्हा धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तपासलेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. आमच्याकडे टर्फ तासाच्या हिशेबाने घेतात, त्यामुळे पहिला बळी वॉर्मअपचाच. म्हणून मी मुलींना वीस मिनिटं आधी बोलावून पार्किंगमध्ये उरकून घेते. वॉचमन रागावतो. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतायत का हे समोर उभं राहून बघायचं, बाजूने दिसत नाही.

दुसऱ्या अर्ध्यात जी ‘आळशी’ होते, तिच्याबद्दल एक ओळ लिहून ठेवलीय: स्टॅमिना नाही असं ठरवण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी. १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच आहे. बाराच्या पुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तिला शिट्टी मारून काय उपयोग? दम नाही म्हणून बसवायचं, बसली म्हणून दम वाढत नाही. शिवाय पांढऱ्या शॉर्ट्स बंद, गडद निळ्या. इंग्लंडच्या बायकांनी २०२३ला बदलल्या, आपण कशाला थांबायचं. किट बॅगेत पॅड्स, आणि “मॅडम, बाहेर येऊ का” म्हणाली की प्रश्न न विचारता खूण, पण तिचा उरलेला भाग पुढच्या सामन्यात परत.

आता खरं अडलंय ते. हजेरी. कमिटीला ७५ टक्के हवी, कॉलेजसारखी. त्याखाली गेली की मिनिटं कापायची. वरवर बरोबर वाटतं. सरावाला न येणारीला खेळवलं तर येणाऱ्या मुली म्हणतील, मग आम्ही पहाटे कशाला उठतो? तेही खरंच. पण कोण येत नाही ते बघ. जिची आई सकाळच्या शिफ्टला जाते आणि धाकट्याला शाळेत सोडायचं असतं. जिच्याकडे पाणी सहा ते सात येतं. डोंबिवलीवरून येणारी, रविवारी मेगाब्लॉक. तिचा आळस कुठे मोजायचा? आणि नेमक्या याच मुलींना घरात रोज विचारतात, “खेळून काय मिळणार?” त्यात आम्ही अर्धा सामना कापला की घरच्यांना उत्तर मिळालंच.

मी लिहिलंय ते असं: न कळवता गैरहजर राहिली तरच पुढच्या सामन्याचा पहिला भाग बाहेर, बाकी काही नाही. तासभर आधी निरोप आला तर गैरहजेरी धरायची नाही. बहुतेकींकडे फोन आईचाच, म्हणून मैत्रिणीकडून आलेला निरोपही चालेल. रेल्वे, परीक्षा, आजारपण यांची मिनिटं कधीच कापायची नाहीत. पण मग जी रोज “आईने सांगितलंय” म्हणते तिचं काय? तशी एक आहे, आणि खेळते अशी की तू बघत बसशील. तिला सूट दिली असं वाटायला नको, आणि तिला गमवायचंही नाही. तू त्या जागेवर होतीस. तुझ्या घरून निरोप यायचा नाही आणि सर तुला तरी खेळवायचे, आम्ही धुसफुसायचो. तेव्हा तुला काढलं असतं तर तू परत आली असतीस? खरं सांग, मोठेपणा न करता.

चिन्मयची दहावी कशी चाललीय? सासूबाईंचा गुडघा? दुकानाचं नवीन शटर एकदाचं बसलं का? सगळं फोनवर सांग. सोमवारी रात्री साडेनऊनंतर कर, त्याआधी मी टर्फवर असते. आणि त्या सेमीफायनलला पेनल्टी तू मारायला नको होतीस, हे माझं मत तसंच आहे.

तुझी,
वैशू

ता. क. मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवतेय. हजेरीचं कलम सहावं, तेवढं आधी वाच. बाकीच्यावर नंतर भांडू.