भूकंपाच्या बातमीत प्लेट्सचा नकाशाही द्या

संपादक साहेब, नमस्कार.
भूकंप झाला की पेपरात रिश्टर स्केल आणि केंद्रबिंदू येतो आणि विषय संपतो, खाली नक्की काय सरकलं हे कुणी लिहीतच नाही. आणि लिहिलं तर प्लेट्स, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या घट्ट थराचे प्रचंड तुकडे, लाव्हावर तरंगतात असं काहीतरी, जे चूक आहे, प्लेट्सच्या खालचा जाड थर, म्हणजे मँटल, हे बहुतेक घट्ट खडकच आहे, फक्त इतकं गरम की लाखो वर्षांत हळूहळू वाहतं. प्लेट्सचा स्पीड वर्षाला काही सेंटीमीटर, बास. पण एवढ्याशा स्पीडने भारताची प्लेट साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकली ती अजून ढकलतेच आहे, म्हणून तर एव्हरेस्टच्या टोकावर समुद्रात तयार झालेला चुनखडक सापडतो, कमाल आहे ना! उलट अटलांटिकच्या मधोमध प्लेट्स लांब जातायत आणि तिथे समुद्राचा नवा तळ बनतोय. जपान, चिलीकडे एक प्लेट दुसरीच्या खाली घुसते, तिथले मोठे भूकंप, त्सुनामी, ज्वालामुखी सगळं त्यातूनच. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात म्हटलं तेव्हा बऱ्याच जणांनी उडवूनच लावलं, पटायला १९६० चं दशक उजाडलं. तर पुढच्या वेळी बातमीशेजारी प्लेट्सचा छोटा नकाशा तरी छापा, दोन जाहिराती कमी झाल्या तरी चालतील.

आपला एक वाचक