प्रबंधाची एक प्रत गावालाही द्या

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की मराठवाड्यात अभ्यासाला येणाऱ्या विद्यार्थ्यांची वर्दळ सुरू होते. कुणी वास्तुकलेत पदव्युत्तर शिक्षण घेत असतं, कुणी वस्त्रांचं डिझाइन, कुणी वारसा जतन. वेरूळ-अजिंठ्यावर न थांबता ही मुलं पैठणला मागापाशी बसतात, छत्रपती संभाजीनगरात हिमरू कापड विणणाऱ्यांची घरं शोधतात, आमच्या औसा तालुक्यात खरोशाच्या लेण्यांची मापं घेतात. त्यांचं येणं मला मनापासून आवडतं, म्हणूनच हे पत्र.

चार वर्षांपूर्वी आमच्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरी असे पाच विद्यार्थी तीन दिवस राहिले. टेप धरून दाराजवळच्या ढाळजेपासून धान्याच्या बळदापर्यंत त्यांनी सगळं घर मोजून त्याचे नकाशे काढले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, आमची पश्चिमेची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली. लाकडी खांबांवरच्या तुळया मात्र जागच्या हलल्या नाहीत आणि आम्ही सातही जण जिवंत बाहेर आलो. असं का झालं, हे इतक्या वर्षांत आम्ही कुणाला विचारलं नव्हतं. त्या मुलांनी विचारलं.

त्यांनी गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या गवंडीकाकांना बोलावून आणलं. काकांनी पडलेल्या भिंतीच्या जोत्याशी बसून सगळं उलगडून दाखवलं. आतले दगड वेगळे रचलेले, बाहेरचे वेगळे, मधे चिपा आणि माती. दोन्ही अंगं धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. हादरा बसला की अशी भिंत मधोमध सुटते. त्यात गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माळवदावर टाकलेल्या मातीचं ओझं. किल्लारी परिसरात सुमारे 10 हजार माणसं गेली, ती बहुतेक अशाच भिंती-छतांखाली. आमचं छत खांबांवर होतं, भिंतीवर नव्हतं, म्हणून आम्ही वाचलो. खांब, तुळई, वर बारीक लाकडांचं किलचण, त्यावर पाला आणि मग पांढरी माती, असे थर काकांनी सांगितले आणि एका मुलीने ते रंगवले. तिच्या चित्रात किलचणाची काडी न् काडी दिसत होती. मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण रोज डोक्यावर असलेलं ते छत असं कधी पाहिलं नव्हतं.

प्रबंधाची आणि नकाशांची प्रत पाठवतो, असं सांगून मुलं गेली. ती आली नाही. त्यांच्या महाविद्यालयाला मी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. मुलांना मी दोष देत नाही, ती पदवी घेऊन नोकरीला लागली असतील. पण गेल्या पावसाळ्यात उत्तरेची भिंत फुगली. कंत्राटदार म्हणाला, पाडून टाका. गवंडीकाका म्हणाले, कशाला पाडता, आरपार दगड घालून नवी चढवू. कोणत्या खांबावर कोणती तुळई टेकलीय आणि भिंत उतरवताना टेकू कुठे द्यायचे, हे सगळं त्या नकाशात होतं. काकांची नजर आता अधू झालीय, शिडीवर चढून पुन्हा मापं घेणं त्यांना जमत नाही. भिंत अजून तशीच आहे, बाहेरून बल्ल्या लावून ठेवलेली.

पीएच.डी.चे प्रबंध निदान ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सापडतात, तेही बहुतेक इंग्रजीत. पदव्युत्तर मुलांचे लघुप्रबंध विभागाच्या कपाटात जातात. पैठणीतल्या बांगडी मोराच्या नक्षीला किती तिल्ल्या, म्हणजे रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या, लागतात, हे मागावर बसलेली बाई सांगते आणि प्रबंधात तिचा उल्लेख ‘स्थानिक कारागीर’ एवढाच होतो. हे मला फार लागतं. तिचं नाव, तिची हरकत नसेल तर, पहिल्या पानावर मार्गदर्शकांच्या शेजारी यायला हवं.

गावात ठेवलेलं गावात टिकतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीत म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू जमवल्या. त्या संग्रहातूनच तेरचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं आणि त्यातल्या सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती बघायला आजही तेरलाच जावं लागतं.

माझी मागणी मोठी नाही. मराठवाड्यातलं घर, देऊळ, माग किंवा बंजारा तांड्यावरचं भरतकाम यांवर ज्या विद्यार्थ्याने काम केलं, त्याने नकाशे आणि दहा-पंधरा पानांचा मराठी गोषवारा त्या गावी पोहोचवावा आणि तशी पोच जोडल्याशिवाय विभागाने गुण देऊ नयेत. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांनी हा नियम आधी स्वतःच्या विद्यार्थ्यांना लावावा. इतिहासाचा, चित्रकलेचा आणि वास्तुकलेचा विद्यार्थी एकाच घरावर मिळून काम करू शकेल, अशी सोयही त्यांनी करावी. आमच्या घरी ती पाच मुलं तीन वेगवेगळ्या विषयांची होती, म्हणूनच त्यांना एवढं दिसलं.

गावच्या वाचनालयात आम्ही यासाठी एक कपाट रिकामं करून ठेवलं आहे. त्या पाच जणांपैकी कुणी हे पत्र वाचलं, तर उत्तरेच्या भिंतीचा नकाशा आधी पाठवा. काका थांबले आहेत.

— एक निवृत्त कलाशिक्षिका, ता. औसा, जि. लातूर