खेळ सुटला तरी तिला कोर्टवर राहू द्या : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार. खेळ सुटलेल्या महिला खेळाडूंना प्रशिक्षक होता यावं, यासाठी हे पत्र.

मी सांगलीची. विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळले. लग्नानंतर खेळ सुटला तो सुटलाच. आता रोज संध्याकाळी एका सिमेंटच्या कोर्टवर वीस-बावीस मुलींना शिकवते. प्रशिक्षकाची पदविका नाही, मानधनही नाही. मुली मला ताई म्हणतात.

मध्यंतरी एक तेरा वर्षांची मुलगी लेअपच्या (धावत येऊन, उडी मारून बास्केटजवळून चेंडू टाकण्याच्या) रांगेतून सारखी मागे सरकत होती. माझ्याआधी शिकवणाऱ्या सरांनी तिला कामचुकार ठरवून दोनदा घरी पाठवलं होतं. मी जवळ गेले तशी ती कानात म्हणाली, "ताई, पाळी आहे. उडी मारायची भीती वाटते." त्या दिवशी तिला फ्री थ्रोला, म्हणजे रेषेवर उभं राहून बास्केटमध्ये चेंडू टाकायला, उभं केलं. दहातले सहा टाकले तिने! सर काही वाईट नव्हते, पण त्यांना ती हे कधीच सांगू शकली नसती. आणि चेंडू? मुलींसाठी ६ नंबरचा असतो. आमच्याकडे सगळे पुरुषांचे, ७ नंबरचे. तळहातात न मावणारा चेंडू घेऊन या मुली दोन वर्षं ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) शिकत होत्या आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

खेळाडू बाईला पुढे प्रशिक्षक होता येतं, याची उदाहरणं आहेत. चेन्नईच्या अनिता पॉलदुराई भारताकडून नऊ आशियाई अजिंक्यपद स्पर्धा खेळल्या, अनेक वर्षं कर्णधार होत्या. २०१७ साली बेंगळुरूत आशिया चषकाच्या ब श्रेणीच्या अंतिम सामन्यात आपण कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघातही त्या होत्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे त्या प्रशिक्षणाकडे वळल्या. वाराणसीच्या दिव्या सिंग यांनी भारताचं कर्णधारपद सांभाळलं, मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकता शिकता तिथल्या महिला संघाला मार्गदर्शन केलं आणि २०१४ च्या गोव्यातल्या लुसोफोनिया स्पर्धेत (पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या क्रीडास्पर्धेत) भारताच्या पुरुष संघाच्या सहायक प्रशिक्षक झाल्या. पुरुष संघाच्या! ही गोष्ट मी माझ्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगते.

पण अनिताताईंच्या पाठीशी दक्षिण रेल्वेची नोकरी होती आणि दिव्याताईंना परदेशी शिकायला मिळालं. जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर थांबलेल्या आमच्यासारख्यांकडे यातलं काहीच नाही. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हवी, म्हणजे जवळपास वर्षभर घरापासून दूर राहायचं. चार वर्षांच्या लेकराला कुणाकडे ठेवायचं, घरखर्च कसा भागवायचा, या दोन प्रश्नांपाशीच बहुतेकींचा अर्ज अडतो. मैत्रिणींच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एकीने भरलेला अर्ज फाडून टाकला. ती आमच्या संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळाची सूत्रं हलवणारी खेळाडू होती, अख्ख्या कोर्टचा नकाशा तिच्या डोक्यात असायचा.

महोदय, माझं मागणं एवढंच आहे. निवृत्त महिला खेळाडूंसाठी या पदविकेत जागा राखून ठेवा. शिकण्याच्या काळात निर्वाहभत्ता द्या. लहान मुलाला सोबत ठेवता येईल अशी सोय वसतिगृहात करा. आणि हाच अभ्यासक्रम पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात चालवता येतो का, हे राज्य सरकारशी बोलून पाहा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बांधलेलं ते संकुल आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे.

माझा मुलगा आता चौथीत आहे. बालेवाडीला वर्ग सुरू झाले तर पहिल्या दिवशी मी हजर असेन आणि त्या पॉइंट गार्डलाही सोबत घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक माजी खेळाडू, सांगली