तळोद्याच्या आप्पा मिस्तरींना

आप्पा, सप्रेम नमस्कार.

माझ्या छोट्या जहाजासाठी लाकूड कापून दिलंत, पण तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि आभारही ऐकून घेतले नाहीत. ‘ऱ्हाऊ द्या बाई, लाकूडच तं शे,’ एवढं म्हणून रंधा उचलला आणि पाठ फिरवलीत. समोरासमोर बोलायची सोय तुम्ही ठेवली नाही, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवील. तिला म्हणावं, सावकाश वाच.

जहाज पूर्ण झालं. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, दोर बांधून झाले, शेवटचा तेलाचा हात परवाच फिरवला. आता ते आमच्या शाळेत, जिथे मी इतिहास शिकवत होते त्याच वर्गाच्या बाहेर, काचेच्या पेटीत आहे. मुलं काचेला नाक लावून बघतात. त्यांना आधी तोफा दिसतात आणि मग फळ्या. मला मात्र आधी फळ्याच दिसतात, कारण त्या तुमच्या हातच्या आहेत.

तुमच्या अंगणात घाईघाईत सांगितलं होतं, ते आता नीट सांगते. ज्याची ही छोटी प्रतिकृती केली, ते खरं जहाज म्हणजे त्रिंकोमाली. इंग्रजांच्या आरमाराचं, ३८ तोफांच्या वर्गातलं, पण बांधलं मुंबईत. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ते पाण्यात उतरलं. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. लाकूड मलबारचा साग. तिकडे युद्धांपायी ओकची झाडं कमी पडू लागली होती आणि इकडे साग होता, सागाचं काम जाणणारे हात होते. या जहाजाचे नकाशे ज्या जहाजातून मुंबईला यायला निघाले होते, ते जावा नावाचं जहाज १८१२ साली ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या हाती लागलं. नकाशे गेले, पुन्हा मागवावे लागले. एवढं सगळं होऊन बांधलेलं ते जहाज आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ते सर्वांत जुनं, आणि त्यातला मूळ सागाचा मोठा भाग अजून शाबूत आहे. मी वर्गात हे सांगायची तेव्हा मुलं विचारायची, ‘बाई, खरंच आपल्याकडच्या सुतारांनी?’ त्या ‘खरंच’चं उत्तर हाताने द्यायचं म्हणून निवृत्तीनंतर हे काम घेतलं. वाडियांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, आणि सुरत म्हणजे आपल्या तापीचंच शेवटचं गाव. सारंगखेड्याच्या पुलावरून एसटी जाते तेव्हा मला दर वेळी हेच आठवतं.

आता तुमच्याकडे येण्याआधीचं. हे लिहू की नको असा विचार केला, पण लिहिल्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही.

सागाच्या बारीक पट्ट्यांसाठी एका वखारीत गेले. सोबत भाचा होता. मी बोलत होते आणि मालक उत्तर भाच्याला देत होता. ‘मॅडमला सांगा, एवढं बारीक कुणी कापत नसतं.’ मॅडम समोर उभ्या होत्या, आप्पा. कागदावर माप काढून नेलं होतं, दीड मिलिमीटर जाड आणि पाच मिलिमीटर रुंद. त्याने कागद हातातसुद्धा घेतला नाही. ॲडव्हान्स मात्र घेतला. महिनाभर ‘उद्या या’ चाललं आणि शेवटी मिळालं ते बाहेरच्या अंगाचं पांढरं, ओलं लाकूड. कपाटात ठेवलेल्या पट्ट्या आठवडाभरात धनुष्यासारख्या वाकल्या. परत न्यायला गेले तर म्हणाला, लाकूड आहे, वाकणारच.

मग एका मोठ्या शहरातल्या दुकानातून पार्सलने मागवल्या. पैसे आधी, माल नंतर. ‘अस्सल साग’ असं पाकिटावर छापलेलं. वाकवण्यासाठी कोमट पाण्यात भिजवल्या तर पाणी चहासारखं तपकिरी झालं आणि पट्ट्या पांढुरक्या. कुठल्यातरी हलक्या लाकडाला रंग दिलेला होता. त्या दिवसापासून त्यांचा फोन लागतो, पण कुणी उचलत नाही. फर्निचरवाल्यांकडे विचारावं तर एक जण म्हणाला, ‘नातवाला प्लास्टिकचं घेऊन द्या ना, ताई.’ बाकीच्यांचं उत्तर याहून फार वेगळं नव्हतं.

फसवणुकीचा राग येतो आणि जातो. माझ्या मनात राहिलं ते त्यांचं हसणं. साठी ओलांडलेल्या बाईने लाकडाचं जहाज करायचं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग ‘कशाला?’ म्हणतो. हे पुन्हा पुन्हा ऐकलं की आपल्यालाही वाटू लागतं, खरंच कशाला? तुमच्याकडे आले तेव्हा मी त्या टोकाला होते. सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर टाकून दिला होता.

माझा एक जुना विद्यार्थी एसटीत कंडक्टर आहे. त्याने तुमचं नाव सांगितलं. म्हणाला, बाई, तळोद्याला एक म्हातारे मिस्तरी आहेत, पूर्वी गाड्या करायचे, आता कुणी गाड्या करून घेत नाही, पण हात आहे. जुन्या गॅझेटियरात तळोद्याचं नाव खानदेशातला लाकडाचा मोठा बाजार म्हणून येतं आणि तिथल्या बैलगाड्यांचं कौतुक आहे, हे मी वाचलेलं होतं. त्या गाड्या करणाऱ्यांपैकी कुणी अजून भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

तुम्ही चादर सोडून सांगाडा बघितलात. उचललात, उलटा केलात, एक डोळा मिटून कण्यावरून नजर फिरवलीत. बरगड्यांवरून बोट फिरवत नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत नेलंत आणि परत पिछाडीपर्यंत आणलंत. ‘कशाला’ विचारलं नाहीत. विचारलंत ते एवढंच: ‘हाई पानीम्हा जाई का?’ मी म्हटलं, नाही आप्पा, काचेत राहील. तुम्ही म्हणालात, ‘तरी बी फट दिसाले नको.’

इतक्या दिवसांत मला भेटलेलं ते पहिलं कामाचं वाक्य होतं.

मग तुम्ही मागच्या पडवीतून ती तुळई ओढून आणलीत. कुणाचं तरी धाब्याचं घर पाडलं, त्यातली. वरून धुराने काळी आणि खिळ्यांच्या भोकांनी भरलेली. रंध्याचे दोन हात मारलेत तर आतून मधाच्या रंगाचा गाभा निघाला, सरळ रेषांचा, आणि सागाच्या तेलाचा तो वास सगळ्या अंगणात पसरला. तुम्ही कापत असताना मी तुम्हाला चांदीच्या खिळ्याची गोष्ट सांगितली. जहाजाचं काम सुरू करताना पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकत, त्रिंकोमालीलाही ठोकला होता. तुम्ही आरा थांबवलात. ‘कोठे ठोकेल व्हता?’ मी बोटाने जागा दाखवली. तुम्ही मान डोलावलीत आणि पुन्हा आरा चालू केलात.

पण मला सांगायचंय ते पुढचं.

पट्ट्या घेऊन मी धुळ्याला आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, तुमच्या आखणीच्या दोरीने बांधलेल्या. त्या दोरीचा गेरू माझ्या बोटांना लागला. गठ्ठा सोडला तर आत दोन वेगळ्या जुड्या होत्या. प्रत्येक पट्टीच्या टोकाला, आतल्या अंगाला, पेन्सिलीने बारीक आकडा होता. एका जुडीतल्या आकड्यांपुढे आडवी रेघ, दुसरीतल्या आकड्यांपुढे फुली. मला आधी कळेना. टेबलावर सगळ्या मांडल्या आणि रेघेची सात नंबरची पट्टी फुलीच्या सात नंबरच्या शेजारी ठेवली. दोन्हींवर तीच शीर, तोच काळसर पट्टा, त्याच जागी. तुळईतून ज्या दोन पट्ट्या एकमेकींना लागून निघाल्या, त्या तुम्ही जोडीने ठेवल्या होत्या. एक डाव्या बाजूची, एक उजव्या.

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला ते सुचलंही नव्हतं. जहाजाच्या फळ्या दोन्ही बाजूंनी बरोबरीने चढवाव्या लागतात, एक इकडे तर एक तिकडे, नाहीतर एका बाजूचा ताण कण्याला पीळ देतो. शेजारशेजारच्या पट्ट्या सारख्या वाकतात, सारख्या ओढतात, त्यांचा रंगही पुढे सारखाच मुरतो. पुस्तकात यावर पानंच्या पानं असतात. तुम्ही सांगाडा उलटा करून बघितलात आणि तुम्हाला ते दिसलं. गाडीची दोन चाकं जोडीची करावी लागतात, हे आयुष्यभर केलेल्या माणसाला ते दिसणारच, असं माझा भाचा म्हणतो. असेल. पण दिसणं वेगळं, आणि दिसल्यावर चष्मा पुसून एकेका पट्टीवर पेन्सिल चालवत बसणं वेगळं. मी चहा पीत तुमच्या सूनबाईंशी गप्पा मारत होते तेव्हा तुम्ही हे करत होतात. गठ्ठा हातात देताना त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. सोडेल तेव्हा कळेल, एवढा तुमचा माझ्यावर भरवसा होता.

मी त्या टेबलापाशी बसून रडले, आप्पा. मोकळी झाले. माझं काम कुणीतरी काम म्हणून घेतलं होतं.

मग हात थांबले नाहीत. साग तेलकट, त्याला गोंद लवकर धरत नाही, म्हणून प्रत्येक पट्टी पुसून घ्यायची, वाफेवर धरायची, वाकवायची. कंटाळा यायचा, बोटं भाजायची. पण पुढचा आकडा समोर असायचा. अकरा झाली की बारा. तुमच्या आकड्यांनी मला ओढत नेलं. फळ्या पूर्ण झाल्या त्या दिवशी जहाज खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजू पाहिल्या. काळसर पट्टा डावीकडे जिथून निघतो, उजवीकडेही तिथूनच निघतो. फट कुठेही दिसत नाही.

तुमचे आकडे मी घासून काढलेले नाहीत. ते आतल्या बाजूने तसेच आहेत. जमशेटजींबद्दल एक आठवण सांगितली जाते. त्यांच्या रंगावरून त्यांना हिणवलं जायचं, तेव्हा त्यांनी एका जहाजाच्या पोटात, सहजी कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, तेच हिणवणारे शब्द कोरून ठेवले की हे जहाज अशा माणसाने बांधलं आहे. पुढे दुरुस्तीच्या वेळी ते सापडले म्हणतात. शाळेतल्या काचेखाली तुमचं नाव लिहायचं ठरवलं होतं. तुम्ही नातीकरवी निरोप पाठवलात की नाव नको. ठीक आहे. ‘लाकूडकाम: तळोदे’ एवढंच लिहिलं. त्याला तुमची हरकत चालणार नाही.

चांगल्या माणसांबद्दल बोलताना आपण फार मोठमोठ्या गोष्टी बोलतो. कुणी जीव वाचवला, कुणी लाखाची मदत केली. ते मोठंच आहे. पण आपलं रोजचं जगणं ज्यांच्यावर चालतं ती माणसं वेगळी असतात. ज्या कंडक्टरने तुमचं नाव सांगितलं, त्याने येताना तो लांबलचक गठ्ठा आपल्या सीटजवळ उभा धरला. गर्दीत मोडेल म्हणून दोंडाईच्यापर्यंत स्वतः उभा राहिला. शाळेतल्या शिपाईदादांनी पेटीच्या काचेला धूळ बसू नये म्हणून झाडू मारण्याआधी तिच्यावर पंचा टाकायची सवय लावून घेतली, कुणी सांगितलं नव्हतं. ही माणसं आपल्या वाट्याचं काम संपल्यावर अजून एक काम करतात, आणि ते दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्याला अडचण येऊ नये म्हणून करतात. ज्या वखारवाल्याने माझा कागद हातात घेतला नाही, त्याच्याकडे यंत्र तुमच्याहून भारी होतं, माणसं जास्त होती, लाकूड ढिगाने होतं. नव्हतं ते एवढंच.

खानदेशात अशी माणसं अजून आहेत, हे मला माहीत होतं. मधल्या काळात त्यावरचा माझा विश्वास डळमळला होता. तो तुम्ही परत दिलात, त्याची किंमत तुळईच्या किमतीत बसत नाही.

आता कामाचं. शाळेने तुम्हाला बोलावलं आहे. मुलांना आकड्यांची गोष्ट मी सांगितली आहे आणि ‘ते बाबा कधी येणार’ म्हणून ती रोज मुख्याध्यापकांच्या मागे लागली आहेत. गाडी पाठवते, नातीलाही आणा. भाषण करायला लावणार नाही. फक्त एक तुळई आणि रंधा ठेवू, तुम्हाला वाटलं तर दोन हात मारून दाखवा.

आणि दुसरं. पुढचं जहाज ठरलं आहे. यंदा आपल्या मराठ्यांची गुराब करायची. दोन डोलकाठ्यांची, मधे रुंद आणि पुढे निमुळती होत जाणारी, लांब नाक काढलेली, त्या नाकाच्या रोखाने समोर डागायच्या दोन तोफा. पोट उथळ, म्हणून खाडीत शिरू शकणारी. ते नाक कसं वाकवायचं ते मला कागदावर जमत नाही, तुमची नजर लागेल. त्या तुळईचा उरलेला तुकडा पडवीत असेल तर कुणाला देऊ नका. या वेळी मात्र पैसे घ्यावे लागतील, नाहीतर मी लाकूड उचलणार नाही. सूनबाईंना सांगून ठेवलं आहे.

तुमची,
धुळ्याच्या बाई